समुद्र कुणाचा पायगुण बघत नाही

‘ताई, त्या म्हाताऱ्याला पण गावातली माणसं पांढऱ्या पायाचा म्हणत होती का ओ?’

प्रश्न ऐकला आणि मी वाचता वाचता थांबलेच. आमच्या बचत गटाचे महिन्याचे हप्ते गोळा झाले, वहीत सह्या झाल्या, की आम्ही अर्धा-पाऊण तास काहीतरी वाचतो. कधी पेपरातला लेख, कधी एखादी गोष्ट. मी वाचते, बाकीच्या ऐकतात. कुणी शेंगा सोलत ऐकतं, कुणाच्या मांडीवर नातू झोपलेला असतो. त्या शनिवारी मी पु. लं.नी मराठीत आणलेलं ‘एका कोळियाने’ काढलं होतं. अर्नेस्ट हेमिंग्वेच्या ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ या १९५२ सालच्या छोट्याशा कादंबरीचा हा अनुवाद.

प्रश्न विचारणारी आमच्यातलीच एक. वय असेल पस्तिशीचं. तीन वर्षांपूर्वी अवकाळी पावसात शेतातला कांदा झाकायला गेलेला तिचा नवरा वीज पडून गेला. तेव्हापासून सासरच्यांनी तिला एकच शब्द चिकटवलाय – पांढऱ्या पायाची. ती गटात येते, हप्ता भरते, दाराजवळ बसते आणि सगळ्यांच्या आधी उठून जाते. दीड वर्षात तिचा आवाज मी चार वेळाही ऐकला नव्हता. आणि आज तिनं प्रश्न विचारला होता, तो क्यूबातल्या एका म्हाताऱ्या कोळ्याबद्दल.

तर मैत्रिणींनो, तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. सँतियागो नावाचा तो म्हातारा सलग ८४ दिवस रिकाम्या हातानं परत आलेला असतो. सुरुवातीला त्याच्याबरोबर होडीत एक पोरगा असायचा. चाळीस दिवस मासा मिळाला नाही, तेव्हा पोराच्या आईबापांनी त्याला दुसऱ्या होडीवर पाठवलं. का? तर म्हातारा ‘सालाओ’ झालाय म्हणून. स्पॅनिश भाषेतल्या या शब्दाचा गोष्टीत अर्थ सांगितलाय, दुर्दैवातलंही सगळ्यात वाईट दुर्दैव लागलेला माणूस. आपल्याकडे त्याला काय म्हणतात, हे त्या दाराजवळ बसलेल्या बाईला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

पंच्याऐंशीव्या दिवशी म्हातारा एकटाच दूर खोल समुद्रात जातो. त्याच्या गळाला अठरा फुटी मासा लागतो. त्याच्या होडीपेक्षाही लांब! दोन रात्री तो मासा होडीला ओढत राहतो, म्हाताऱ्याचे हात दोरीनं कापले जातात, डावा हात आखडून जातो, खायला कच्चा मासा. तिसऱ्या दिवशी तो माशाला मारतो, होडीच्या कडेला बांधतो आणि घराकडे निघतो. वाटेत शार्क येतात आणि लचके तोडत तोडत सगळा मासा खाऊन टाकतात. किनाऱ्याला पोचतो तो नुसता सांगाडा.

आता आपल्याकडे अशी गोष्ट कुणी सांगितली तर शेवटी तात्पर्य येणारच. म्हाताऱ्यानं हाव केली म्हणून असं झालं, किंवा मागल्या जन्मीचं काहीतरी असणार. म्हाताऱ्याच्याही मनात हा विचार येतो बरं का. माशाला मारलं हे पाप तर नाही ना, असं तो स्वतःलाच विचारतो. पण गोष्ट त्याला तशी शिक्षा देत नाही. शार्क येतात ते पाण्यात पसरलेल्या रक्ताच्या वासानं. पापाच्या वासानं नव्हे. शेवटी म्हातारा स्वतःशी कबूल करतो ते एवढंच, की मला कुणी हरवलं नाही, मीच फार दूर गेलो होतो. चूक मोजतो आणि झोपतो. स्वतःला अपशकुनी म्हणत बसत नाही.

मी बी.ए.ला होते तेव्हा ‘अस्तित्ववाद’ हा शब्द आमच्या नोट्समध्ये होता. व्याख्या पाठ केली, परीक्षेत लिहिली, मार्कही मिळाले. अर्थ कळायला मात्र पंचवीस वर्षं आणि हा शनिवार लागला. सोपं करून सांगायचा प्रयत्न करते. ज्याँ पॉल सार्त्र या फ्रेंच लेखकानं १९४५ साली पॅरिसमध्ये एक भाषण दिलं होतं. त्यात त्यानं कागद कापायच्या सुरीचं उदाहरण दिलंय. मी आपलं विळीचं देते. विळी घडवायच्या आधीच लोहाराला ठाऊक असतं की ती कशासाठी आहे. तिचं काम आधी ठरतं, मग ती जन्माला येते. माणसाचं तसं नाही, असं सार्त्र म्हणतो. माणूस आधी असतो. तो कशासाठी आहे हे वरून कुणी लिहून पाठवलेलं नसतं. ते तो आपल्या करण्यातून ठरवत जातो.

पुरुषांना हे वाचून म्हणे फार भीती वाटते. जगाला आपली पर्वाच नाही, आकाशाकडे बघून हाक मारली तर उत्तर येत नाही, ही कल्पनाच पोटात गोळा आणणारी. पुस्तकांवर लिहिणारेही असंच लिहितात – विराट निसर्गापुढे एकाकी माणूस, वगैरे. पण त्या दिवशी दाराजवळच्या त्या बाईचा चेहरा मी बघत होते. तिला भीती वाटली नव्हती. तिला सुटल्यासारखं वाटलं होतं. अहो, जिला तीन वर्षं सांगितलं गेलंय की वीज पडली ती तुझ्या पायगुणानं, तिला कुणीतरी सांगतंय की विजेला तू माहीतच नाहीस! समुद्र, थंडी, वीज यांना कुणाचं कुंकू, कुणाचा पाय दिसत नाही. वीज मोकळ्या रानात उभ्या असलेल्या माणसावर पडते. तो माणूस कुणाचा नवरा आहे, हे ती विचारत नाही.

याच जातीची दुसरी एक गोष्ट जॅक लंडन या अमेरिकन लेखकाची आहे. ‘टू बिल्ड अ फायर’, साल १९०८. तेव्हा अस्तित्ववाद हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता, पण पुढच्या लोकांनी जे मोठमोठ्या ग्रंथांत लिहिलं त्यातलं पुष्कळसं या वीसेक पानांत आहे. सोनं शोधायला माणसांची झुंबड उडाली होती तेव्हा, १८९७ साली, लंडन स्वतः कॅनडातल्या क्लोंडाइकला गेला होता, त्यामुळे तिथली थंडी त्यानं अंगावर घेतलेली.

गोष्टीतल्या माणसाला नावसुद्धा नाही. उणे ७५ फॅरनहाइट, म्हणजे आपल्या हिशोबानं जवळजवळ उणे ५९ सेल्सिअस थंडीत तो एकटा निघालाय. बरोबर फक्त एक कुत्रा. एका जुन्याजाणत्या म्हाताऱ्यानं त्याला बजावलेलं असतं, एवढ्या थंडीत एकट्यानं जाऊ नकोस, सोबती घेऊन जा. यानं ते हसण्यावारी नेलेलं. वाटेत बर्फाखालच्या पाण्यात पाय जाऊन भिजतो. झटपट शेकोटी पेटवून पाय वाळवले नाहीत तर संपलंच. तो शेकोटी पेटवतो आणि मनात म्हणतो, ही म्हातारी माणसं जरा बायकीच असतात! आणि थोड्याच वेळात वरच्या झाडाच्या फांदीवरचा बर्फ कोसळतो आणि शेकोटी विझते.

‘बायकी’ हा शब्द वाचून मला हसू आलं आणि रागही आला. काळजी घेणं, आधी विचार करणं, सोबत मागणं, हे सगळं बायकी! आणि त्या न-बायकी माणसाचं काय झालं? बोटं बधिर झाली, काड्यापेटीतली काडी धरता येईना, दोन्ही तळहातांत काड्यांचा जुडगा धरून पेटवला तर हातच भाजला. शेवटी तो बर्फात बसून शांतपणे मरतो आणि कुत्रा दुसऱ्या माणसांच्या शेकोटीकडे निघून जातो.

इथेही थंडी त्याच्यावर सूड उगवत नाही. पण त्यानं शेकोटी झाडाखाली पेटवली, जळणासाठी त्याच झाडाखालच्या काटक्या ओढल्या, प्रत्येक ओढीबरोबर झाड हललं. ही मात्र त्याची चूक. लेखक ते स्पष्ट सांगतो. मला वाटतं, इथे या विचाराची दुसरी बाजू कळते. आपल्यावर जे कोसळतं त्याचा दोष आपला नसतो. पण त्यानंतर आपण काय करतो, शेकोटी कुठे पेटवतो, कुणाचं ऐकतो, ते सगळं आपलं असतं. तिथे मग नशिबाकडे बोट दाखवता येत नाही. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. विजेचा दोष बायकोच्या पायाला, आणि सुनेला घराबाहेर काढणारे मात्र म्हणतात, काय करणार, तिचं नशीब!

गंमत म्हणजे याच नावाची गोष्ट लंडननं आधी १९०२ साली मुलांच्या एका मासिकासाठी लिहिली होती. त्यात तो माणूस वाचतो आणि एकट्यानं प्रवास करू नये असा धडा घेतो. सहा वर्षांनी त्यानं तीच गोष्ट पुन्हा लिहिली आणि या वेळी सुटका केली नाही. मला विचाराल तर दोन्ही गोष्टींचं सांगणं एकच आहे, आणि या पुस्तकांना एकटेपणाचे पोवाडे समजणारे लोक तेच विसरतात. हेमिंग्वेचा म्हातारासुद्धा खोल समुद्रात किती वेळा म्हणतो, तो पोरगा आत्ता इथे हवा होता! एकट्यानं झुंजणाऱ्यांच्या या गोष्टींत सोबतीची ओढ ओतप्रोत भरली आहे.

पण तिसरं पुस्तक सांगितल्याशिवाय माझं म्हणणं पुरं होणार नाही. ते बाईनं लिहिलंय, बाईबद्दल लिहिलंय, आणि लिहिणारी माझ्या-तुमच्यासारखी घर सांभाळणारी होती. मार्लेन हाउसहोफर तिचं नाव. ऑस्ट्रियातल्या श्टायर या छोट्या शहरात राहणारी, दातांच्या डॉक्टरची बायको, दोन मुलग्यांची आई. घरकाम आटोपून मिळेल त्या वेळात लिहायची. १९६३ साली तिची ‘द वॉल’ म्हणजे ‘भिंत’ ही कादंबरी आली. १९७० साली, पन्नाशी गाठायच्या आतच, ती कॅन्सरनं गेली. जिवंतपणी फारसा गाजावाजा झाला नाही. पुढे १९८०च्या दशकात स्त्री चळवळीतल्या बायकांनी ते पुस्तक पुन्हा शोधून काढलं, २०१२ साली त्यावर सिनेमाही आला. मी इंग्रजीतून वाचलं, डिक्शनरी शेजारी ठेवून. मुलगी सुट्टीत घरी आली तेव्हा घेऊन आली होती.

गोष्ट अशी. चाळिशीतली एक विधवा, मुली मोठ्या झालेल्या, नात्यातल्या एका बहिणीबरोबर डोंगरातल्या एका घरात सुट्टीला जाते. बहीण आणि मेहुणा संध्याकाळी खाली गावात जातात ते परत येत नाहीत. सकाळी ही शोधायला निघते तर रस्त्यात एक भिंत. न दिसणारी, काचेसारखी. पलीकडची माणसं दगड झाल्यासारखी निश्चल. अलीकडे ही एकटी, जंगल, डोंगर आणि येणारा हिवाळा. भिंत कुणी घातली, का घातली? शेवटच्या पानापर्यंत उत्तर मिळत नाही. आणि हळूहळू ती विचारायचंही सोडून देते, कारण कामं पडलेली असतात! मेहुण्याचा कुत्रा तिच्याजवळ राहिलाय. एक गाय सापडते, ती गाभण आहे. एक मांजर येते. बटाटे लावायचे, गवत कापून वाळवायचं, लाकडं फोडायची, दूध काढायचं. हरणाची शिकार करावी लागते, ती तिला कधीच आवडत नाही. सगळं संपवावं असा विचार तिच्याही मनाला शिवतो. पण सकाळी गाय हंबरते. तिला कोण बघणार?

घरकामाबद्दल सिमोन द बोव्हार या लेखिकेनं १९४९ साली फार कठोर लिहिलंय. ‘द सेकंड सेक्स’ हे तिचं पुस्तक करुणा गोखले यांनी मराठीत आणलं आहे. ग्रीक पुराणात सिसिफस नावाचा एक राजा आहे. मोठा धोंडा डोंगरावर ढकलत न्यायचा, तो खाली घरंगळणार, पुन्हा ढकलायचा, ही त्याला कायमची शिक्षा. घरकाम हे तसंच आहे, असं बोव्हार म्हणते. पुसलेली फरशी पुन्हा मळते, घासलेली भांडी पुन्हा खरकटी होतात. खोटं आहे का?

मग ‘भिंत’मधली बाईसुद्धा तेच करत नाही का? रोज दूध, रोज लाकडं, रोज चूल. कामं तीच. पण तिला हुकूम करणारं कुणी नाही, नावं ठेवणारं कुणी नाही आणि शाबासकी देणारंही नाही. आज गाईला चारा घालायचा की नाही, हे रोज तिचं तीच ठरवते, आणि रोज ‘घालायचा’ असं ठरवते. पूर्वीच्या स्वतःकडे, म्हणजे कुणाची तरी बायको आणि आई म्हणून दमून गेलेल्या बाईकडे, ती थोड्या करुणेनंच बघते. काम तेच राहूनसुद्धा ते आपलं होऊ शकतं, हे मला या पुस्तकानं दाखवलं. तसंच, जे काम दुसऱ्याच्या धाकानं करतो त्याला ‘त्याग’ वगैरे गोड नावं देऊ नयेत, हेही.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं पुस्तकात ठीक आहे. आमच्या घरात देव आहे, देवघर आहे. देव बघत नाही असं म्हणायचं का? माझं तसं म्हणणं नाही. मी स्वतः रोज दिवा लावते. हेमिंग्वेचा म्हातारा आपण फार धार्मिक नाही असं म्हणत म्हणत प्रार्थना म्हणतो, मासा मिळाला तर देवीच्या यात्रेला जायचा नवसही बोलतो. पण हातातली दोरी सोडत नाही. नशीब असलं तर चांगलंच, पण आपण आपलं काम नेमकं करावं, म्हणजे नशीब येईल तेव्हा आपण तयार असू, असा त्याचा विचार. एवढा देवधर्म मलाही पुरतो. देवावर विश्वास ठेवायला दुसऱ्या बाईला अपशकुनी ठरवायची गरज कुठे येते?

दुसरंही एक सांगायला हवं. अशा पुस्तकांतून ‘खंबीर व्हा’ हा सल्ला काढून एकट्या बाईच्या गळ्यात मारू नका. मीही मारलाय, म्हणून सांगते. समाजकार्याच्या नावाखाली कित्येक घरांत जाऊन मी हेच बोलले, ‘अगं, मुलांसाठी जग, खंबीर हो.’ म्हणजे तू विळी आहेस, तुझी एक कामगिरी संपली, आता दुसरी घे! आणि खंबीर हो म्हणजे काय, तर आमच्या मदतीची अपेक्षा धरू नकोस. त्या बर्फातल्या माणसाला खंबीरपणा कमी पडला नव्हता. सोबत कमी पडली होती.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगते. मागच्या संक्रांतीला माझ्याकडे हळदीकुंकू होतं. गटातल्या सगळ्यांना बोलावलं. तिला बोलावलं नाही. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, पाठोपाठ राज्य सरकारनंही सगळ्या गावांनी तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं, तेव्हा मी भाषणात त्याचं कौतुक केलं होतं. टाळ्या घेतल्या होत्या. आणि स्वतःच्या दारात आल्यावर मात्र ‘सासूबाईंना आवडणार नाही’, ‘बाकीच्या काय म्हणतील’, ‘तिलाच अवघडल्यासारखं होईल’ अशी तीन कारणं शोधली. सार्त्र याला काय म्हणतो ठाऊक आहे? स्वतःची स्वतःशी केलेली फसवणूक. निवड माझी होती. मी ती सासूबाईंच्या नावावर टाकली.

त्या शनिवारी वाचन संपल्यावर बाकीच्या उठल्या. ती मात्र बसून होती. मी जवळ गेले. काय बोलावं सुचेना. ‘हळदीकुंकवाला तुला बोलावलं नाही, ते माझं चुकलं,’ एवढंच म्हणाले.

ती लगेच काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘ताई, तो पोरगा शेवटी परत येतो का ओ म्हाताऱ्याकडे?’

येतो. सगळा गाव होडीला बांधलेला सांगाडा बघायला जमतो, कुणी त्याची लांबी मोजतो. पोरगा मात्र थेट म्हाताऱ्याच्या झोपडीत जातो, त्याचे फाटलेले हात बघून रडतो, गरम कॉफी आणतो आणि सांगतो की आता मी तुझ्याबरोबरच येणार. आईबापांनी काय सांगितलंय, अपशकुन, नशीब, कशाची पर्वा तो करत नाही. आजवर मी या गोष्टीत म्हाताऱ्याचं धैर्य बघत आले. त्या दिवशी पहिल्यांदा त्या पोराचं दिसलं. समुद्राला पायगुण दिसत नाही, हे म्हाताऱ्याला समुद्रात कळलं असेल. पण किनाऱ्यावर कुणीतरी तसं वागावं लागतं, तरच त्याचा उपयोग.

पुढच्या शनिवारी वाचन माझ्याकडे नाही. ती वाचणार आहे. बसणार कुठे, दाराजवळ की मधोमध, ते मात्र मी तिला सांगितलेलं नाही. ते तिचं ती ठरवेल.